यादी आपल्या हाती असावी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. त्या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. मोबाइलवर सारखा नवा मजकूर येत होता: हे औषध त्यात मिसळू नका, इतकं पाणी घ्या, अमुक वेळी फवारा. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कालचा मजकूर खरा की आजचा, हे मात्र कळत नव्हतं.

मी यवतमाळात संगणक शिकवतो. त्यानंतर आम्ही काही जणांनी ठरवलं की जिल्ह्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सचिव, कृषी सेवा केंद्रवाले आणि गावच्या वाचनालयांचे ग्रंथपाल यांची ई-मेलची एक यादी करायची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला निघाला, की तो तारखेसह आणि मूळ दुव्यासह सगळ्यांना एकदम जावा. पुढे शेतकऱ्यापर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपनंच जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ कागद कुठेतरी ठेवलेला असावा, पुढच्या वर्षी शोधला तर सापडावा, एवढाच हेतू होता.

पत्ते मोजून महिन्याला पैसे घेणाऱ्या तयार सेवा होत्या. आम्ही त्या घेतल्या नाहीत. स्वतःचा सर्व्हर घेऊन त्यावर मेलिंग लिस्टचं सॉफ्टवेअर बसवलं. तेव्हापासून जे शिकलो, ते असंच काही करू पाहणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. सांगायचं आहे की बोलायचं आहे, ते आधी ठरवा

मेलिंग लिस्ट दोन जातींच्या असतात. एकीत एक जण लिहितो, बाकीचे वाचतात. दुसरीत कोणीही लिहावं, ते सगळ्यांना जावं, कोणीही उत्तर द्यावं. दोन्हींचं सॉफ्टवेअर वेगळं, त्रासही वेगळा.

चर्चेच्या यादीची परंपरा जुनी आहे. लिस्टसर्व्ह हे सॉफ्टवेअर १९८६ सालचं. आज स्वतःच्या सर्व्हरवर चर्चेची यादी चालवायची तर मेलमन हे भरवशाचं नाव. फक्त जुन्या मार्गदर्शिका वाचून त्याची दुसरी आवृत्ती बसवू नका. ती पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालते आणि त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. मेलमन ३ घ्या. त्यात मेल हाताळणारा गाभा वेगळा, व्यवस्थापनाचं पान वेगळं, जुन्या पत्रांचा संग्रह वेगळा. हे सगळे भाग एकमेकांशी जुळवून द्यायला वेळ लागतो आणि सर्व्हरची मेमरीही बऱ्यापैकी लागते.

आम्हाला सांगायचं होतं, म्हणून आम्ही लिस्टमंक घेतलं. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख कैलाश नाध यांनी ते लिहिलं आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. एकच फाइल आणि पोस्टग्रेस डेटाबेस, एवढ्यावर ते उभं राहतं. जुनी पत्रं सार्वजनिक पानावर ठेवण्याची सोयही त्यात आहे. लहान संस्थेनं इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

२. सर्व्हर घरात नको

शिकायला घरातला जुना संगणक उत्तम. मेल पाठवायला नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वीज जाते, हे तर आहेच. पण मुख्य अडचण आयपी पत्त्याची आहे. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि पुष्कळदा तो अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. स्पॅमहाउस ही संस्था अशा घरगुती पत्त्यांची एक यादीच ठेवते. ज्या पत्त्यांवरून थेट मेल येऊ नये, त्यांची ती यादी. अनेक मेलसेवा ती पाहतात आणि पत्र वाचायच्या आधीच नाकारतात.

मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं मिळतो. तो घ्यावा. स्वतःचा सर्व्हर याचा अर्थ यंत्र आपल्या खोलीत असावं असा नाही. चाव्या आणि डेटा आपल्याकडे असले म्हणजे झालं.

३. डोमेन संस्थेच्या नावावर

या जिल्ह्यात मी हे वारंवार पाहिलं आहे. संस्थेची वेबसाइट कोणीतरी बनवून देतो. डोमेन तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेल पत्त्यानं घेतो. दोन वर्षांनी तो पुण्याला जातो, फोन बदलतो, आणि नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळत नाही. वेबसाइट गेली तर एक वेळ नवीन करता येते. मेलच्या यादीचं तसं नाही. डोमेन गेलं की त्या नावानं पाठवलेल्या प्रत्येक पत्रातला दुवा मरतो, आणि दुसऱ्या कोणी ते नाव घेतलं तर आपल्या नावानं पत्रं पाठवायला तो मोकळा होतो. कीटकनाशकाच्या सल्ल्याच्या बाबतीत हे किती घातक ठरेल, वेगळं सांगायला नको.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावानं करा, नोंदणीतला मेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नका, आणि मुदत संपण्याची तारीख ठरावाच्या वहीत लिहा. वर्षाला काही शे रुपयांचा खर्च आहे. पुढच्या काही वर्षांचे पैसे एकदमच भरून टाका.

देवनागरीतलं .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. मला त्याचं अप्रूप आहे आणि वेबसाइटसाठी ते जरूर घ्यावं. मेल पाठवण्यासाठी मात्र अजून रोमन अक्षरांतलं नावच ठेवा. देवनागरी पत्ता सगळ्या मेलसेवा आणि सगळे ऑनलाइन अर्ज स्वीकारत नाहीत.

४. पैसे भरण्याआधी पोर्ट २५ बद्दल विचारा

एका मेलसर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्र जातं ते २५ क्रमांकाच्या पोर्टवरून. स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे अनेक सर्व्हर कंपन्या हे पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंदच ठेवतात. काही कंपन्या विनंती केल्यावर उघडतात, काही कधीच उघडत नाहीत. दुसरा प्रश्न: रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद, आम्हाला बदलता येईल का? ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते, सर्व्हर देणाऱ्याच्या हातात असते. या दोन्ही प्रश्नांना लेखी 'हो' आल्यावरच भाडं भरा.

उत्तर 'नाही' असं आलं तर एक मधला मार्ग आहे. यादी, पत्ते, मजकूर सगळं आपल्या सर्व्हरवर ठेवायचं आणि पत्रं पोचवण्याचं काम तेवढं ५८७ पोर्टवरून एखाद्या सशुल्क मेलसेवेला द्यायचं. यात कमीपणा काही नाही. यादी आपल्याकडेच राहते आणि उद्या ती सेवा बदलता येते.

५. चार नोंदी, आणि त्या नीट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सॉफ्टवेअर बसवणं एका संध्याकाळचं काम आहे. पत्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जाणार की स्पॅममध्ये, ते या नोंदींवर ठरतं.

एसपीएफ ही डीएनएसमधली एक ओळ. आमच्या डोमेनच्या नावानं कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो, हे ती सांगते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीची नोंद असताना दुसरी घातली की दोन्ही निकामी होतात. संस्थेचं आधीपासून गूगलवर मेल खातं असेल, तर त्याच ओळीत आपल्या सर्व्हरचा पत्ता जोडायचा. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस विचारणा १० च्या वर गेल्या तरीही ती नोंद बाद होते.

डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावर सही. खासगी चावी सर्व्हरवर, सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये. २०४८ बिटची चावी घ्या. ती डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, दोन तुकडे करून लिहावी लागते. काही पॅनेल तुकडे आपोआप करतात, काही चावी मधेच कापून गप्प बसतात. म्हणून नोंद केल्यावर बाहेरून विचारून पूर्ण चावी येते का, ते बघा.

डीमार्क सांगतं की एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं. सुरुवात 'काही करू नका, फक्त अहवाल पाठवा' या धोरणानं करा. आपल्या नावानं कोण कोण पत्रं पाठवतंय, ते अहवालांत दिसतं. सगळं जुळतंय अशी खात्री झाली की धोरण कडक करा.

चौथी नोंद पीटीआर. आयपीवरून जे नाव निघतं, त्या नावावरून पुन्हा तोच आयपी निघायला हवा, आणि पोस्टफिक्सनं, म्हणजे सर्व्हरवरून पत्रं पाठवणाऱ्या प्रोग्रामनं, स्वतःची ओळख त्याच नावानं करून द्यायला हवी. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ताही असेल तर त्याची पीटीआर नोंद वेगळी करावी लागते. ती केली नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वरूनच पत्रं पाठवायला सांगा. जीमेल या बाबतीत फार कडक आहे.

तपासणी सोपी आहे. स्वतःच्या जीमेलला पत्र पाठवा, संगणकावर उघडा, मूळ संदेश बघा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. दोन दिसले म्हणजे काम झालं असं समजू नका.

चर्चेची यादी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या डोमेनचं डीमार्क धोरण 'नाकारा' असं केलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट एकदम अडल्या. याहूच्या सदस्यानं यादीवर पत्र लिहिलं की ते यादीच्या सर्व्हरवरून बाहेर पडायचं, एसपीएफ जुळायचं नाही, विषयात यादीचं नाव जोडल्यामुळे सहीही मोडायची, आणि इतर सदस्यांच्या सेवा ते परत पाठवायच्या. मेलमनमध्ये यावर उपाय आहे: पाठवणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता घालायचा. ती सोय सुरू केल्याशिवाय यादी उघडू नका.

६. पत हळूहळू बनते

बाजार समितीत नवा अडत्या आला तर पहिल्याच हंगामात कोणी त्याच्याकडे उधारीवर कापूस टाकत नाही. नव्या आयपी पत्त्याचंही तसंच आहे. त्याची चांगली-वाईट कसलीच ओळख नसते. पहिल्या दिवशी सगळ्या यादीला पत्र गेलं तर मेलसेवा संशय घेतात. सुरुवातीला जे नक्की उघडून वाचतील आणि उत्तर देतील अशा थोड्याच लोकांना पाठवा, मग वाढवा. लिस्टमंकमध्ये दर सेकंदाला किती पत्रं जावीत याची मर्यादा ठेवता येते. ती कमी ठेवा. आपल्याला कसली घाई आहे?

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची आहे, आणि स्पॅम म्हणून तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नसतो. तरी नियम आपल्यालाच लागू आहेत असं धरून चाला. लहान यादीत तर चार जणांनी 'स्पॅम' दाबलं तरी प्रमाण वर जातं.

७. पत्ते गोळा करणं हेच खरं काम

पुढच्या सगळ्या अडचणी इथे उगवतात.

बैठकीच्या हजेरीपटावर नाव, गाव, मोबाइल आणि शेवटी ई-मेल असा रकाना असतो. तो भरला जातो, पण त्यातलं काय खरं? एक आणि एल सारखेच दिसतात, शून्य आणि ओ सारखेच. खालच्या रेघेचं चिन्ह हजेरीपटाच्या आखलेल्या ओळीत मिसळून जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कित्येकांचा मेल पत्ता कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी किंवा पीकविम्याचा अर्ज भरताना नेट कॅफेवाल्यानं उघडून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत. पुष्कळदा पत्ताच त्याचा स्वतःचा. एकाच गावातल्या अनेक शेतकऱ्यांपुढे एकच पत्ता लिहिलेला मी पाहिला आहे. बचत गटांच्या बऱ्याच ताईंचा पत्ता मुलाच्या फोनवर चालतो आणि मुलगा असतो चाकणला कंपनीत. पत्र पोचतं, पण जिनं वाचायचं तिच्यापर्यंत जात नाही.

त्यामुळे 'तुमचा ई-मेल काय' असं विचारणं आम्ही सोडलं. 'मेल तुम्ही स्वतः कोणत्या फोनवर वाचता' असं विचारतो. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांचं नाव मेलच्या यादीत घालतच नाही. त्यांच्यासाठी गावचं वाचनालय किंवा कृषी सेवा केंद्र पत्र छापून फळ्यावर लावतं. हा बदल तांत्रिक नव्हता, पण यादी खऱ्या अर्थानं चालू लागली ती यानंतर.

नोंदणी बैठकीतच करून घ्या. भिंतीवर क्यूआर कोड लावा, ज्यानं त्यानं आपल्या फोनवरून पत्ता भरावा, आणि पुष्टीचा मेल तिथेच उघडून दुव्यावर टिचकी मारावी. दुहेरी पुष्टी बंद करायचा मोह होतो, कारण आकडा लवकर वाढतो. ती बंद करू नका. "माह्या मोबाइलात तं काहीच नाही आलं, सर," असं एक जण म्हणतोच. मग त्याच्या शेजारी बसून स्पॅमचा कप्पा उघडायचा, पत्र बाहेर काढायचं आणि यादीचा पत्ता त्याच्या संपर्कांत साठवून द्यायचा. सर्व्हरच्या दहा जुळवण्यांपेक्षा या एका कृतीचा उपयोग जास्त होतो. पुष्टीच्या मेलचा मजकूर मराठीत करून घ्या. सॉफ्टवेअरच्या साच्यात तो बदलता येतो. इंग्रजीतला 'कन्फर्म' शब्द पाहून ओटीपीची फसवणूक असेल या भीतीनं माणसं तो मेल पुसून टाकतात, आणि त्यांची भीती रास्त आहे.

दुसऱ्या संस्थेनं देऊ केलेली तयार यादी घेऊ नका. ज्यानं एका कामासाठी पत्ता दिला, त्यानं आपल्याला दिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: ठरावीक कामासाठी, स्पष्ट संमतीनं.

नोंदणीचा अर्ज वेबवर उघडा ठेवायचा असेल तर कॅप्चा लावा. नाहीतर यंत्रं परक्यांचे पत्ते त्यात भरत राहतात आणि आपला सर्व्हर नकळत अनोळखी माणसांना पुष्टीचे मेल पाठवत बसतो.

८. कृतिदेव आणि श्रीलिपी मेलमध्ये चालत नाहीत

जिल्ह्यातल्या टंकलेखन केंद्रांत आणि डीटीपीच्या दुकानांत आजही पुष्कळ काम कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. त्या फाइलमधून मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण आत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नसतातच. सल्ला लिहून देणाऱ्या प्रत्येकाला युनिकोडमध्ये लिहायला लावा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकणं सर्वांत चांगलं. नाही जमलं तर फोनवर बोलून टंकलेला मजकूरही चालेल. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तर जोडाक्षरं, रफार आणि औषधांच्या मात्रांचे आकडे माणसानं पुन्हा वाचलेच पाहिजेत. मिलिलिटरचा आकडा चुकीचा गेला तर त्याची किंमत शेतात मोजावी लागते.

युनिकोड देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. 'यवतमाळ' या शब्दात काना धरून ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट, आणि मेलमधून जाताना बेस६४ मध्ये त्याचे २४ होतात. साध्या मजकुराला याचा काही त्रास नाही. पण सजवलेल्या, रंगीत चौकटींच्या पत्रात फरक पडतो. साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र जीमेल कापून दाखवतं, आणि कापलं जातं ते शेपूट, म्हणजे नेमका नाव काढण्याचा दुवा. दुवा दिसला नाही की माणूस 'स्पॅम' दाबतो. पत्र साधं ठेवा. चित्र, पीडीएफ सोबत जोडू नका, सर्व्हरवर ठेवून दुवा द्या.

९. परत आलेलं प्रत्येक पत्र काही सांगत असतं

समोरच्या सर्व्हरच्या उत्तराचा आकडा ४ नं सुरू झाला तर अडचण तात्पुरती, पोस्टफिक्स आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ नं सुरू झाला तर कायमची. तो पत्ता लगेच बंद करा. नसलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहणं ही स्पॅम पाठवणाऱ्याची खूण मानली जाते. लिस्टमंक परत आलेली पत्रं एका पेटीतून उचलून पत्ते आपोआप बंद करू शकतं. ती पेटी पहिल्याच दिवशी जोडा. आठवड्यातून एकदा लॉग मात्र स्वतः वाचा. बंद झालेले पत्ते एकाच गावचे असतील तर त्या गावाला फोन करा.

१०. घड्याळ

भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे फवारणीला निघण्याआधी पोचायचा सल्ला साडेपाच तास उशिरा पोचून उपयोग नाही. वेळेचा विभाग आशिया/कोलकाता करा.

११. दुसरा माणूस, दुसरी प्रत

डेटाबेसची प्रत रोज रात्री निघावी, कुलूपबंद होऊन दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि अधूनमधून ती एका रिकाम्या यंत्रावर उघडून बघावी. न उघडलेली प्रत प्रत समजू नका. डीकेआयएमची खासगी चावीही त्या प्रतीत ठेवा. ती गेली तर नवी चावी करून डीएनएसची नोंद पुन्हा बदलावी लागते.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरमध्ये शिरता येईल असा दुसरा माणूस. मी माझ्या वर्गातल्या दोन मुलींना हे काम शिकवलं. एक दारव्ह्याची, एक पांढरकवड्याची. सुरक्षेचे अपडेट, पोस्टफिक्सचे लॉग, प्रमाणपत्राचं नूतनीकरण हे सगळं आता त्या बघतात. लिनक्सचा असा खरा अभ्यास त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एखादं जुनं वाचनालय, एखादी उत्पादक कंपनी आणि संगणक शिकलेली चार मुलं आहेत. त्यांना माझी विनंती आहे: मोठ्या आकड्याची वाट पाहू नका. संस्थेच्या नावानं डोमेन घ्या, पन्नास खरे पत्ते गोळा करा आणि येत्या खरिपाच्या आधी पहिलं पत्र पाठवा. कुठे अडलात तर मला विचारा. मी येऊन बसवून देईन, फक्त शिकायला तुमच्याकडची दोन मुलं शेजारी बसवा.